समोरची चाळ पडल्यावर दिसलेला दिवा

समोरची चाळ पाडली तेव्हा तिचे दरवाजे मीच घेतले. सागवानी, पितळी कड्यांचे, एका अख्ख्या माळ्याचे. माझा धंदाच तो. शिवडीला गोदाम आहे. पडलेल्या चाळींचे दरवाजे, खिडक्या, कठडे उचलायचे आणि ज्यांना नव्या हॉटेलात जुनं घर दाखवायचं असतं त्यांना विकायचे. सुरुवात हातगाडीवर फळ्या ओढून केली. कोणी शिकवलं नाही, कोणी हात दिला नाही. म्हणून समोरचा गोड बोलायला लागला की मी आधी त्याचे हात कुठे आहेत ते बघते.

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत तिसऱ्या माळ्यावर मी एकटी राहते. शेजारी भाऊ आणि वहिनी, नात्याने नाही, चाळीच्या हाकेने. भाऊ बंदरात लाँचवर होते, आता निवृत्त. त्यांच्या दारामागे बुद्धाच्या फोटोखाली एक खिळा आहे आणि त्या खिळ्याला माझ्या खोलीची दुसरी किल्ली कित्येक वर्षं लटकत होती. गॅसवाला आला, पाणी अवेळी आलं, तर भाऊ दार उघडत. चाळीत असंच चालतं. कुलूप आपलं असतं, किल्ली शेजाऱ्याकडे असते.

आमचीही चाळ आता पडणार आहे. बिल्डरची माणसं खोल्या मोजायला आली त्या दिवशी मी गोदामात होते. भाऊंनी माझं दार उघडून दिलं. महिन्याभराने मापाचा कागद हातात पडला तर त्यात माझी मोरी नव्हती. खोली मोजलेली, मोरी गाळलेली. चार बादल्यांची जागा, पण नवं घर याच कागदावरून मिळणार. मी बिल्डरच्या ऑफिसात टेबल आपटून आले. भाऊंना मात्र एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं की माणूस उत्तराची तयारी करतो. मी वाट बघायची ठरवली.

आणि मग तो दिवा दिसायला लागला.

समोर आता मोकळी जागा होती, तिच्या पलीकडे मागच्या रस्त्यावरचा टॉवर. संध्याकाळी चहा घेऊन गॅलरीत आले तर टॉवरच्या वर एक पांढरा झगझगीत दिवा लटकलेला. विमान असतं तर सरकलं असतं. हा हलत नव्हता. पावसाळ्याआधी बिल्डरने चाळीवर ड्रोन फिरवून फोटो काढले होते, ते आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं. मला कोणी समजावायची गरज नव्हती. गॅलरीत कोणी पत्रा वाढवलाय, कोणी मोरीला भिंत घातली आहे, हे वरून टिपायचं आणि उद्या भांडायला गेलो की फोटो समोर टाकायचे.

तरी मी मालाची पारख केल्याशिवाय बोलत नाही. कठड्यावर खडूने रेघ मारली, रोज त्याच जागी उभी राहून रोज त्याच वेळी बघितलं. साडेसातला हजर. तासाभराने टॉवरमागे गायब. ढग असले तर येत नाही, म्हणजे कॅमेऱ्याला दिसत नसणार. आणि चौथ्या दिवशी लक्षात आलं की तो रोज थोडा खाली येतोय. खाली म्हणजे जवळ. सगळं जुळलं.

माळ्यावर सांगितलं, तशी चाळ पेटली. चाळीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी लिहिलं चीनचा आहे, कोणी लिहिलं उडती तबकडी, परग्रहावरची माणसं पुनर्विकासाला आली असतील, त्यांना पण दोन खोल्या द्या. हसले सगळे, पण दुसऱ्या दिवसापासून सात वाजले की गॅलरीभर जुन्या साड्या आणि चादरी बांधल्या जाऊ लागल्या. आतल्या मोऱ्या झाकायला. ते मीच सुरू केलं होतं.

एकच माणूस चादर बांधत नव्हता. भाऊ. दिवा लागायच्या वेळेला ते स्टूल घेऊन गॅलरीच्या टोकाला बसत आणि त्याच्याकडेच बघत. मजेत. मांडीवर मोबाईल. पाचव्या संध्याकाळी मला राहवलं नाही.

"काय भाऊ, हात हलवून दाखवताय का त्याला?"

"कोणाला?"

"तुमच्या बिल्डरला. दार उघडून दिलंत, आता वरून पण दाखवा. माझी मोरी कशी गेली ते मला कळत नाही असं वाटलं का?"

माळा गोळा झाला. मी थेट त्यांच्या खोलीत शिरले, खिळ्यावरची किल्ली ओढून घेतली. वहिनी पोळ्या लाटत होत्या. त्यांनी लाटणं थांबवलं नाही, फक्त म्हणाल्या, "खिळा पण ने उपटून. जुना आहे, विकला जाईल."

भाऊ शांतपणे उठले. "ताई, ती शुक्राची चांदणी आहे गं."

"चांदणी एवढी असते?"

"एवढीच असते. कोकणातली ना तू? गावी बघितली नाहीस?"

बघितली होती. म्हणूनच चिडले. मला मूर्ख ठरवून विषय बदलायचा, हे मी बाजारात शंभरदा पाहिलं आहे.

भाऊंनी ट्रंकेतून दुर्बीण काढली. लाँचवरची जुनी, एका बाजूचं चामडं गेलेलं. कठड्यावर घट्ट टेकवून म्हणाले, "बघ."

मी आधी दुर्बीणच बघितली. काचेवर काही चिकटवलंय का, आत काही ओरखडा आहे का. मग डोळा लावला. त्या दिव्याच्या जागी एक कोर होती. नखाच्या तुकड्याएवढी, पांढरी, टोकं स्पष्ट. मी दुर्बीण फिरवली आणि खालच्या रस्त्यावरच्या दिव्यावर धरली. दुर्बिणीतच खोट असेल तर तिथेही कोर दिसायला हवी. तिथे नुसता दिवा दिसला. पुन्हा वर धरली. पुन्हा कोर.

"ड्रोनला कोर नसते," भाऊ म्हणाले. "चंद्रासारखीच वाढते-कमी होते ती. आता सूर्याकडे चाललीये, म्हणून रोज खाली उतरते. थोड्या दिवसांनी दिसायची बंद होईल. मग पहाटे, पूर्वेला."

मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे आमच्या चादरी चांदणीसाठी?" आणि माळाभर हशा झाला. माझे कान तापले.

"मग इतकी वर्षं कशी नाही दिसली?" मी ओरडलेच.

"समोर चाळ होती ना. संध्याकाळी लाँच धक्क्याकडे परतताना शहरावर दिसायची मला. घरी आल्यावर कधीच नाही. आता मधलं सगळं गेलं म्हणून दिसते. इथे नवा टॉवर चढला की परत गेली. तोवर बसतो."

त्या चाळीचे दरवाजे माझ्या गोदामात उभे होते. पण एवढ्यावर मी सोडणारीही नव्हते. चांदणी खरी असेल, मोरी तर गेलीच होती.

"आणि दार? ते का उघडलंत?"

उत्तर वहिनींनी दिलं, पिठाच्या हातांनी बाहेर येऊन. "बंद खोली दिसली की 'बंद' लिहीत होते ते. खालच्या माळ्यावर दोघांचं लिहिलं, ते अजून ऑफिसात खेटे घालतायत. हे धावत गेले तुझं दार उघडायला. तू विचारलंस कधी? आमचा कागद बघितलास?"

भाऊंनी कागद आणला. मी गॅलरीतल्या बल्बखाली धरून वाचला, मग माझा आणून शेजारी ठेवला. त्यांचीही मोरी नव्हती. ओळीतल्या सगळ्यांच्याच नसणार, हे तेव्हा लक्षात आलं. मी एकटीच लुबाडली गेले असं धरून चालले होते आणि महिनाभर चुकीच्या दारावर नजर ठेवली होती.

"हा कागद माझ्याकडे द्या," मी म्हणाले. "उद्या दोन्ही घेऊन ऑफिसात जाते. एकटीचं आपटणं त्यांना परवडतं. सगळ्या माळ्याचं परवडायचं नाही."

"माफी मागतेयस का?" वहिनींनी विचारलं.

"कागद मागतेय."

भाऊ हसले आणि कागदाची घडी करून दिली. किल्ली अजून माझ्या मुठीत होती, घामाने ओली. मी आत गेले आणि ती खिळ्याला लावायला हात वर केला, तर वहिनींनी मनगट धरलं.

"अशी नाही ठेवायची. या वेळी लिहून दे. दार उघडलं तर बोंब मारणार नाही म्हणून."

मला वाटलं, मस्करी आहे. नव्हती. त्यांनी कॅलेंडरचं मागचं पान फाडून पुढे केलं, पेन दिलं, आणि मी उभ्या उभ्या लिहून सही केली. वहिनींनी ते दोनदा वाचलं, घडी घालून फोटोच्या मागे सरकवलं आणि मगच हात सोडला.

दुसऱ्या दिवशी साडेसातला मी खडूच्या रेघेपाशी उभी राहिले. चांदणी आणखी थोडी खाली गेली होती, भाऊ म्हणाले होते तशीच.

रेघ मी अजून पुसलेली नाही.