दोनदा लिहिलेला अहवाल

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, पासपोर्ट तर लांबच राहिला. अशा मुलाने एक सत्र आयर्लंडमध्ये काढलं म्हणून लगेच प्रवासवर्णन लिहायला बसावं, हे मलाही आगाऊपणाचं वाटतं. पण वार्षिक अंकाच्या संपादक मॅडम म्हणाल्या, "पुढे जाणाऱ्या मुलांना उपयोग होईल, लिही." उपयोग व्हायचा असेल तर माझी चूकही लिहायला हवी. तीही लिहितो.

२०२१च्या सप्टेंबरात निघालो. परभणीहून मुंबईपर्यंत बाबा सोबत होते. ते गवंडी आहेत. विमानतळाच्या दारापाशी त्यांनी माझा मास्क सारखा केला, मग शेजारच्या खांबावरून हात फिरवून म्हणाले, "काम बरं केलंय."

डब्लिनवर ढग इतके खाली होते की जमीन एकदम समोर आली. हिरवी शेतं, त्यांना कुंपणाच्या झाडांच्या रेषा आणि त्यावर बारीक पाऊस. टॅला या डब्लिनच्या उपनगराकडे जाणाऱ्या बसमध्ये एक गोष्ट पाहिली. उतरणारा प्रत्येक माणूस ड्रायव्हरला मोठ्याने 'थँक्स' म्हणत होता. माझा थांबा आला तेव्हा मीही म्हटलं, पण मास्कच्या आत. ड्रायव्हरपर्यंत ते पोहोचलं नसावं. दुसऱ्या आठवड्यापासून व्यवस्थित पोहोचू लागलं.

माझी खोली नोरीन यांच्या घरी होती. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात नोकरी करून त्या निवृत्त झालेल्या. मी 'आंटी' म्हणताच त्या म्हणाल्या, "मी कुणाची आंटी नाही. नोरीन म्हण." प्रेसमध्ये (तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात) त्यांनी एक फळी माझ्यासाठी मोकळी केली होती. तिथे मी पोहे, हळद आणि आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी मांडली. नोरीन यांनी चटणी लोणी लावलेल्या ब्राउन ब्रेडवर पसरून खाल्ली, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "ग्रँड." ग्रँड म्हणजे छान, ठीक, चालेल आणि कधीकधी अजिबात चालणार नाही, असं सगळंच. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा चटणी मागितली, तेव्हा अर्थ कळला.

मी पर्यावरणशास्त्राचा विद्यार्थी. ऑक्टोबरात आमच्या शिक्षिका फिओना आम्हाला डब्लिनजवळच्या विकलो नावाच्या डोंगरांत बॉग (पाण्याने फुगलेली, कुजलेल्या शेवाळाची जमीन) दाखवायला घेऊन गेल्या. वर पोहोचलो तर झाड नाही, घर नाही, तपकिरी गवत आणि वारा. पावलागणिक जमीन गादीसारखी दबायची. मी वाट सोडून दोन पावलं टाकली आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. पाय निघाला, बूट आतच राहिला. फिओना गुडघ्यावर बसल्या, कोपरापर्यंत हात घालून त्यांनी बूट उपसून काढला आणि माझ्या हातात दिला. "बॉगला तू आवडलास," म्हणाल्या. मी लाजेने 'सॉरी मॅडम' म्हणत राहिलो. शिक्षकाचा हात आपल्यासाठी चिखलात गेलेला मी प्रथमच पाहत होतो.

एका उतारावर टर्फचे (बॉगमधून कापून वाळवलेले, चुलीत जाळायचे तुकडे) ढीग उभे होते. तुकडे तिरपे एकमेकांना टेकवलेले, मधून वारा जाईल असे. आई गोवऱ्या अशाच रचते. खड्ड्यात साठलेलं पाणी काळ्या चहाच्या रंगाचं होतं. हे सगळं मी वहीत टिपलं, मराठीत, स्वतःसाठी.

मग अहवाल लिहायला बसलो. सत्रातला तोच सगळ्यात मोठा होता. तो नापास झाला की विषय जाणार, विषय गेला की आपल्या कॉलेजात सत्र धरलं जाणार नव्हतं, आणि माझं वर्ष फुकट. म्हणून मी जीव ओतून लिहिला. फिओना यांची टिपणं समोर ठेवली आणि त्यांची उत्तमोत्तम वाक्यं एकही शब्द न बदलता अहवालात उतरवली. दहावीपासून मला मार्क मिळाले ते असेच. सरांचं वाक्य जसंच्या तसं आलं की सर खूश.

दहा दिवसांनी फिओना यांनी बोलावलं. त्यांच्या पडद्यावर माझा अहवाल जवळजवळ अख्खा लाल होता.

"हे तुझे शब्द आहेत का?" त्यांनी विचारलं.

"नाही मॅडम, तुमचेच आहेत," मी अभिमानाने म्हणालो. "एकही बदललेला नाही."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग हळू आवाजात त्यांनी सांगितलं की तिथे याला चोरी समजतात, आणि मला समितीसमोर यावं लागेल.

ती बातमी मी घरी कळवली नाही. दिवाळीत डब्लिनच्या दुसऱ्या टोकाला, स्वोर्ड्स या गावी वसुधाताईंकडे गेलो. त्या मूळच्या नागपूरच्या, आयटीत नोकरी करतात. टॅलातल्या भारतीय दुकानात ओळख झाली होती. करंजी हातात घेऊनच मी सगळं सांगून टाकलं.

"अरे, 'एकही बदललेला नाही' असं म्हणालास? तोंडावर?" त्यांना हसू आवरेना. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "हे बघ, समितीत वकिली करू नको. जे झालं ते जसं झालं तसं सांग. आणि दर वाक्याला सॉरी मॅडम नको, ते लोक इरिटेट होतात."

त्यांची आठ वर्षांची मुलगी मराठी समजते, पण बोलते अस्सल आयरिश इंग्रजी. ती फुलबाजी शोधता शोधता म्हणाली, "ही'ल बी ग्रँड, आई."

समितीत तिघं होते, शिवाय फिओना. आपल्याकडे उत्तर कसं लिहितात, ते मी सांगितलं. सरांचं वाक्य बदलणं म्हणजे आपण सरांपेक्षा शहाणे, असं वाटतं, हेही सांगितलं. त्यांतले म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बरं. पण त्या दिवशी तुला स्वतःला काय दिसलं?"

मी वही उघडली. काळ्या चहाच्या रंगाचं पाणी, बूट, टर्फचे ढीग आणि आईच्या गोवऱ्या, सगळं इंग्रजीत सांगितलं. अडखळत, पण थांबलो नाही.

"हे अहवालात का नव्हतं?" फिओना यांनी विचारलं.

"लिहिण्याच्या लायकीचं वाटलं नाही."

त्यांनी मला आठवडा दिला, दुसरा अहवाल लिहायला. तो मान्य करायचा की नाही, ते नंतर लेखी कळवणार होते. मी वहीवरून लिहिला. वाक्यं आखूड झाली, काही ओबडधोबड झाली, पण माझी होती. तो देताना मला भीती वाटली नाही, हे खरं सांगतो.

डिसेंबरात परतलो, निर्णय आलेला नव्हता. विद्यापीठाची मेल उघडायला लागणारा कोड माझ्या आयरिश नंबरवर यायचा, आणि तो नंबर इथे येताच बंद पडला. आठवडाभर मी बाबांना डोंगर, बस, ब्राउन ब्रेड सांगत राहिलो. मग एका सकाळी ते कामावर निघाले असताना त्यांना थांबवलं आणि समितीचंही सांगितलं. वर्ष जाऊ शकतं, हेही.

ते ओट्यावर बसले. "कुणाचं काही घेतलं होतंस का?"

"शब्द घेतले होते. ते घ्यायचे नसतात, हे माहीत नव्हतं."

"मंग इतके दिवस कामून बोलला नाहीस?"

मी त्यांच्याशेजारी बसलो. त्यांनी कामावर फोन करून उशिरा येतो म्हणून सांगितलं. त्या दिवसापासून ते रोज विचारायचे, "आलं का काही?"

परदेशात मी काय शिकलो, असं लोक विचारतात. मला वाटतं, आपण पाहिलेलं सांगायला कुणाची परवानगी लागत नाही, एवढं शिकलो. हे मला निकाल कळण्याआधीच कळलं होतं, याचं बरं वाटतं.

वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात नोरीन यांचा निरोप आला. माझ्या नावाचं पत्र त्यांच्या दारात येऊन पडलं होतं. उघडू का, असं त्यांनी विचारलं होतं. मी हो म्हटलं. पाच मिनिटांनी फोटो आला, कोपऱ्यात त्यांचा अंगठा. मी बाबांना मराठीत वाचून दाखवलं: चूक अजाणतेपणी झाली असल्याचं समितीचं मत आहे. दुसरा अहवाल स्वीकारला आहे. विद्यार्थी या विषयात उत्तीर्ण असून त्याचं सत्र पूर्ण धरण्यात येत आहे.

"पुन्हा वाच," बाबा म्हणाले. मी पुन्हा वाचलं.