नापासांच्या घरी जाणारे काका

अख्ख्या मध्यभारतात सरकारी परिपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका आमच्या नशिबी आला होता. माझ्या मावशीचे यजमान. उज्जैनच्या शाळा-तपासणी कचेरीत कारकून, पण खुर्चीशी हाडवैर. चहा प्यायचे येरझारा घालत, टांग्यातून उतरायचे टांगा थांबायच्या आत, आणि जेवताना दोनदा उठून दारात डोकावून यायचे. मावशी म्हणायची, "यांच्या पायाला भिंगरी नाही, भिंगरीलाच हे बांधलेत."

एका वर्षी वरून हुकूम आला. आदल्या साली मॅट्रिकच्या निकालानंतर काही पोरांनी जिवाचं बरंवाईट करून घेतलं होतं, तेव्हा यंदा कचेरीतल्या माणसांनी नापासांच्या घरी जाऊन धीर द्यावा. बाकीच्यांनी 'फाइल में लगा दो' म्हणून हात झटकले. काका यादी घेऊन निघाले. पण धीर द्यायचा कसा, हे हुकमात कुठं होतं? बिचाऱ्यांना दुःखाच्या घरी जायची एकच रीत ठाऊक. भैरवगढला कापडावर ठसे छापणाऱ्या एका घरी ते गेले, भिंतीशी मान खाली घालून बसले, मुलाचं नाव घेऊन सुस्कारा टाकला, चहा हातानंच नको म्हणाले आणि न बोलता उठले. झालं! मुलाच्या आजीनं हंबरडा फोडला. मागच्या अंगणात कापड रंगवणारा तोच पोरगा निळ्या हातांनी धावत आला, "कौन मर गया?" काका चपापून म्हणाले, "कोई नहीं बेटा, तू फेल हुआ है." आजीनं त्याला पोटाशी धरलं. "बस, इतना ही?" काकांना मग तिथं जेवूनच यावं लागलं.

दोन वर्षांनी त्या यादीत मी आलो. वडील हेडमास्तर, हेडमास्तरांचा मुलगा नापास म्हणजे गावाला महिनाभराची करमणूक. पेपरात नंबर नाही बघून मी सकाळीच नदीकाठी रामघाटावर जाऊन बसलो. घरी परत जायचं नाही, एवढं ठरलं होतं. दुपारी काका मला शोधत, धापा टाकत आले. आता उपदेश, म्हणून मी मान फिरवली. त्यांनी सरळ विचारलं, "जीव द्यायचं मनात आहे का रे?"

असं कुणी विचारतं का? मी 'हो' म्हणालो आणि मला रडूच फुटलं. काका माझ्याजवळ पायरीवर टेकले. "बरं केलंस सांगितलंस," ते म्हणाले. "आता इथून पुढं काय करायचं, ते परिपत्रकात नाहीये. आपण दोघं बघू. आधी चल, पोहे खाऊ."

वडिलांना त्यांनी बजावलं, "मास्तर, याला महिनाभर एकटं सोडायचं नाही, आणि निकालाचं नाव काढायचं नाही." वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी निमूट ऐकलं. काका रोज यायचे आणि मला गावभर चालवायचे. माझ्या चपलांचे तळ गेले. पुढच्या वर्षी मी पास झालो, तोही जेमतेम.

मग राज्यांची पुनर्रचना झाली, मध्यभारतच उरला नाही, कचेरीचे गठ्ठे भोपाळला गेले. त्या हुकमाचं काय झालं कुणास ठाऊक. काका मात्र दर निकालाला रजा काढून निघायचेच. घाटावर मी काय म्हणालो, हे त्यांनी मरेपर्यंत मावशीलासुद्धा सांगितलं नाही. आज मीच सांगतोय. मला त्यांची फार आठवण येते.