शेवळं, काकडं आणि माझा अभ्यास

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी घरात जाहीर केलं, की यापुढे स्वयंपाक मी करणार आणि आपल्याकडे शंभर किलोमीटरच्या आत पिकलेलंच शिजणार. जवळच्या शेतकऱ्यांकडून भाजी घ्यावी, असं एका व्याख्यानात ऐकलं होतं आणि ते मला मनापासून पटलं होतं. बायको अजून शाळेत शिकवते. पर्स खांद्याला लावता लावता ती म्हणाली, "मग चहा बंद ना? आसाम शंभरात बसत नाही."

"चहाला सूट."

"आणि गूळ? कोल्हापूर?"

मी मोबाइलवर अंतर बघेपर्यंत ती लिफ्टमध्ये पोचली होती.

आम्ही लालबागला राहतो. मी एक दिवसाआड पिशवी घेऊन दादरला जायला लागलो. स्टेशनबाहेर, पुलाच्या जिन्याशी, पालघरकडची एक बाई भाजी घेऊन बसायची. विहिरीलगत तिची थोडी जमीन होती. पडवळ, दुधी, वांगी, अळू, सगळं ती स्वतः लावायची. हे कळल्यावर मी तिला खताबद्दल, पाण्याबद्दल, बियाण्याबद्दल इतके प्रश्न विचारले, की तिने शेवटी विचारलं, "काका, पेपरवाले आहात का?"

जूनमध्ये तिच्या टोपलीत शेवळं दिसली. भाल्याच्या टोकासारखी, जांभळट. ही रानभाजी वर्षातून जेमतेम काही आठवडे मिळते. लहानपणी आई करायची, एवढंच मला आठवत होतं. कशी करायची ते आठवत नव्हतं, पण तसं सांगायची लाज वाटली. बाईने शेवळांच्या जुड्यांबरोबर मूठभर काकडं पुढे केली. काकडं म्हणजे छोटी, हिरवी, आंबट फळं. मला वाटलं, उरलेला माल गळ्यात मारतेय.

"नको. फक्त शेवळं द्या."

"घ्या हो काका, याच्याशिवाय..."

"ताई, मला माहितीय. आमच्याकडे नेहमी होतात."

तिने एकदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि काकडं परत टोपलीत टाकली. "बरं. तुमची मर्जी."

तो रविवार होता. माझगावहून मेहुणे जेवायला येणार होते. बायकोचा हा थोरला भाऊ गोदीतून निवृत्त झालेला, खाण्यातला दर्दी आणि रंगात आला की मालवणीत बोलणारा. त्यांच्यासाठी मी बाजारातल्या कोळणीकडून खास ताजी कोलंबी आणली, शेवळांत घातली. वाढताना स्थानिक अन्नाचं महत्त्व थोडक्यात सांगितलं. थोडक्यात म्हणजे भात निवेपर्यंत.

मेहुण्यांनी एक घास घेतला. दुसरा घेतला. मग हात ताटात तसाच ठेवून म्हणाले, "भावोजी, ही भाजी खयसून हाडलात?"

"पालघर! पुरते शंभरसुद्धा नाहीत," मी अभिमानाने म्हणालो.

"थंयच ठेवूची होती."

तेवढ्यात माझ्याही घशात बारीक सुया टोचायला लागल्या. जीभ, टाळू, ओठ, सगळं खाजू लागलं. लग्नाला तीस वर्षं झाली, बायको बोलायची थांबलेली मी पहिल्यांदाच पाहिली. तिने नुसतं चिंचेच्या बरणीकडे बोट दाखवलं. आम्ही तिघं चिंच चोखत, एकमेकांकडे न बघता बसून राहिलो. बऱ्याच वेळाने तिचा आवाज परत आला, तेव्हा पहिलं वाक्य होतं, "कोलंबी गेली हो वाया!"

मेहुण्यांना मी खाली कोपऱ्यावरचा वडापाव आणून दिला. तो त्यांनी फार प्रेमाने खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दादरला गेलो आणि बसलेल्या घशाने "ताई" म्हणालो. तेवढ्यावरूनच तिने ओळखलं.

"खाल्लीत वाटतं!"

ती पदर तोंडाला लावून हसली. शेजारच्या फुलवालीने काय झालं विचारलं, तेव्हा तिला सगळं सांगून पुन्हा हसली. मग मला शेजारी बसवून शिकवलं. वरचं साल काढायचं, आतला पिवळा भाग फेकायचा, भरपूर तेलात परतायचं आणि काकडं वाटून त्यांचा रस घालायचा. त्या आंबटपणानेच खाज मरते.

"काल विचारलं असतंत तर कालच सांगितलं असतं."

"लाज वाटली."

"खाजेपेक्षा लाज बरी, काका."

दुसऱ्या खेपेला भाजी जमली. समोरच्या बिऱ्हाडात वाटीभर दिली, त्यांनी आणखी दोघांना सांगितलं, आणि हळूहळू इमारतीतली सात-आठ घरं बाईकडची भाजी मागायला लागली. आता दर गुरुवारी ती थेट आमच्या गेटशी येते. दुपारच्या आत टोपली रिकामी होते. मी मदतीला उभा असतो, पण तराजूला ती मला हात लावू देत नाही. मी गप्पा मारतो आणि वजन चुकवतो, असं तिचं म्हणणं.

एका गुरुवारी बायकोला सुट्टी होती, म्हणून बाईला वर जेवायला बोलावलं. तिच्याच पडवळात डाळ घालून भाजी केली, भाकऱ्या थापल्या. ती शांतपणे जेवली.

"बरी झालीय. मीठ घालायचं राहिलं का?"

बायकोचा चेहरा असा उजळला, की मी भाकरीकडे बघत राहिलो. तेव्हाच बाईच्या पिशवीतून डोकावणारा भलामोठा फ्लॉवर मला दिसला.

"हा तुमच्याकडचा?"

"छे! येताना मंडईतून घेतला."

"अहो, तुमच्या शेतात एवढं पिकतं आणि तुम्ही विकतची भाजी नेता?"

"मग? पोरं रोज रोज पडवळ खातील होय? सकाळीच फोन आला, आई, आज फ्लॉवरच आण."

व्याख्यानात यावर काही सांगितलेलं नव्हतं. मी फ्लॉवरकडे पाहत राहिलो. पांढराशुभ्र, घट्ट. खरं सांगायचं तर माझ्या कारभारात कित्येक महिने आमच्या घरी फ्लॉवर आलाच नव्हता. बाईने ते माझ्या तोंडावरूनच ओळखलं असावं. तिने सुरी मागितली, फ्लॉवरचा अर्धा भाग कापून ओट्यावर ठेवला आणि "तुम्हीपण खावा," म्हणून टोपली उचलून निघाली.

संध्याकाळी मी त्याची बटाटा घालून रस्सा भाजी केली. बायकोने दोनदा वाढून घेतली, आणि फ्लॉवर किती किलोमीटरवरचा ते मुद्दाम विचारलं नाही.