कुडपणच्या काकींचे मालक
परवा नातवाने आधार कार्डाला प्लास्टिक चढवून आणलं, आणि त्या गरम वासाने मला महाडचं फोटोचं दुकान आठवलं. आमच्या मालकांचा एकच फोटो होता. त्याला बुरशी लागत होती, म्हणून दुकानातल्या मुलीने तो कॉम्प्युटरात घेऊन ठेवला होता. पुढे घरातला फोटो पार गेला. मी नवी प्रत काढायला गेले, तर दुकानात नवा कॉम्प्युटर आलेला आणि जुना पुसून विकायचा होता. नव्यात आमचे मालक नव्हते. मुलीने जुन्यात पाहिलं आणि हसली. "काकी, फोटो इकडे आणायला मी पर्ल नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्राम लिहिलाय. तुम्ही तेव्हा मालकांचं नाव घेईनात, म्हणून मी फाइलला नाव दिलं, कुडपणच्या काकींचे मालक. मधल्या मोकळ्या जागांवर प्रोग्रामने ते तोडलं आणि तीन वेगळ्या फाइली शोधत बसला." दुकानदार म्हणाला, "आता तरी घ्या की नाव, काकी." मी म्हटलं, "नाय घेत." मुलगी म्हणाली, "नका घेऊ. प्रोग्रामच सुधारते." नुसता माझा फोटो उचलून देता आला असता, पण तिने प्रत्येक नावाला दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हांचं कुंपण घातलं आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. मालक आले, आणि तशीच अडकलेली कापडे गावच्या एका वरातीची फाइलही आली. मग जुना कॉम्प्युटर पुसला. फोटो अजून भिंतीवर आहे. मालकांचं नाव मी आजही घेत नाही. त्या मुलीचं मात्र दिवा लावताना रोज घेते.