लक्ष्मम्माला मोहोळला आणायला गेले

लक्ष्मम्माचा फोन आला की घर विकलं, पोरगा हैदराबादला न्यायला येतुया. मी फोन ठेवला आन् मागच्या खोलीला चुना मारायला घेतला. म्हटलं, हैदराबादला कशाला, हितं मोहोळला आणू. माझा मालक गेला, तिचाबी गेला. माझा ल्योक पुण्यात, तिचा तिकडं. दोघी बिनमालकाच्या, एका चुलीवर भांडत ऱ्हाऊ.

सोलापूरला शुक्रवार पेठेत आमी भाड्यानं हुतो तवाची ती शेजारीण. तेलगू, विणकराच्या घरातली. तिच्या आजेसासऱ्यानं तेलंगणातनं येऊन तिथं माग टाकला. हैदराबाद तिनं लग्नकार्यापुरतंच बघितलेलं.

मोहोळास्नं सोलापूरला एस्ट्या लई. बायकांना अर्धं तिकीट, म्हणून मी दुप्पट फिरते. कंडक्टर म्हणाला, आजी, पंच्याहत्तर झाली आसतील तर फुकट हाय. म्हटलं, पंच्याहत्तर तुझी आजी. अर्धं फाड गप.

स्टँडच्या भाईर शेअर रिक्षा मिळती. तुमी येणार आसाल तर उन्हाळा सोडून या, न्हायतर पेठेत पोचस्तवर भाजून निघाल. रिक्षावाले चाचा वाटंनं दोन्ही पोरांचं सांगत हुते, एक दुबईत, एक सौदीत. "अब पेठ में कौन बचा, अम्मा," म्हणाले. म्हटलं, तुमी हाय की, माझ्याकडनं जादा पैसं घ्यायला. हसले, पर घेतले.

गल्लीत शिरले आन् कान बधीर झाले. आवाजानं न्हाय, आवाज नसल्यानं. पैलं घराघरात मागांचा खडखडाट, त्याच्यावर वरडून बोलायचं. आता माग बंद, तरी जुनी माणसं वरडूनच बोलत्यात.

लक्ष्मम्मानं अंबाडीची भाजी आन् कडक भाकरी केलेली. तसली भाजी सोलापुरात हाटेलात मिळती, पर तिच्या हातची न्हाय मिळायची. घर घेतलेली माणसं टेप घेऊन भिंती मापत हुती. दुधनीचे डाळीचे व्यापारी नवराबायको, आपसात कानडी, आमच्याशी मराठी. पोरीला हितं इंग्लिश शाळंत घातलंय म्हणून आलेले. मी बाईला इचारलं, माग काढून मॉल बांधताय व्हय? ती बिचारी लाजली. दिराला मोबाईलचं दुकान काढून द्यायचंय म्हणाली. वाईट न्हवती. वाईट आसती तर बरं झालं आसतं, भांडता तरी आलं आसतं.

ती माणसं गेली. जेवता जेवता मी म्हटलं, "बोचकं उचल. मोहोळला चल माझ्याकडं. खोली तयार हाय."

लक्ष्मम्माला हसता हसता ठसका लागला. "शांताक्का, तुझी चेष्टा मरंस्तवर जायची न्हाय बघ."

"खरं सांगते."

"तू कवा खरं सांगितलंस?"

तिचंबी बरोबर. हिच्या नवऱ्यानं दुसरी केली म्हणून खोटंच सांगून मी एकदा हिला दुपारभर रडवलेलं. पोराला पोलिसांनी धरलं म्हणून चपलेबिगर पळवलेलं. मी शपथ घेतली तशी ती आजून हसली. म्हटलं, हसू दे. संध्याकाळी परत सांगू, न हसता.

हात धुवायला मागाच्या खोलीतनं गेले. विणकराच्या घरात माग कदी उघडा ठेवत न्हाईत. कापड विणून झालं तरी जुन्या ताण्याची, म्हंजे उभ्या दोऱ्यांची, टोकं मागावर तशीच ठेवायची. नवा ताणा आला की बायकांनी बसून एकेक दोरा त्या टोकाला पिळून जोडायचा. तिचा मालक गेला तवा लोकं म्हणाली माग काढ. तिनं टोकं ठेवली, आन् दिवसकार्य झाल्यावर नवा ताणा जोडाय बसली. मी शेजारी बसून दोरे देत हुते. धंदा बंद पडला तरी ती टोकं तिनं पुसून-झटकून संभाळलेली.

माग उघडा हुता. टोकं कापून गाठोडं करून कोपऱ्यात ठेवलेलं.

"कुणी कापलं गं?"

"मीच," ती मागनं म्हणाली. "उद्या भंगारवाला येतुया. त्येच्या हातानं कशाला?"

संध्याकाळी मी काय बी सांगितलं न्हाय. शेंगाचटणीचा पुडा बांधून दिला तिनं. मी म्हटलं, हैदराबादी सून तुला बिर्याणी घालून फुगवती बघ. शेवटच्या गाडीची वाट न बघता निघाले.

खोलीला चुन्याचा वास हाय आजून. ल्योक म्हणतो भाड्यानं दे. हायवेच्या कामावर बिहारची माणसं आल्यात, त्येंना खोल्या पायजेत. देईन कदाचित.

परवा हैदराबादास्नं लक्ष्मम्माचा फोन आला. समदी चांगली हायेत म्हणाली. तिची तेलगू ऐकून शेजारणी इचारत्यात, तुमी म्हाराष्ट्रातल्या का? आन् मग म्हणाली, "शांताक्का, त्या दिशी तू खरंच न्यायला आलतीस का गं?"

मी म्हटलं, "मला काय येड लागलंय? चेष्टा केली तुझी."

या खेपेला ती हसली न्हाय.