नदीचं मूळ, ऋषीचं कूळ आणि स्नोब्लोअर

आमच्या शेजारच्या काकांइतका सरळ प्रश्नाचा गुंता करणारा माणूस अमेरिकेतल्या साऱ्या मिनेसोटात नव्हता, आणि बर्फ वितळल्यावर शोधला असता तरी सापडला नसता. परदेशात दोन मराठी माणसं भेटली की पहिला चहा संपायच्या आत ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न येतोच. समोरचा ‘साताऱ्याचा’ किंवा ‘अकोल्याचा’ म्हणतो, त्या गावातला कोणीतरी ओळखीचा निघतो आणि चहा गोड लागतो. काकांना हा प्रश्न विचारला की मात्र चहा निवून जायचा. "मूळ म्हणजे कोणत्या अर्थाने?" ते विचारायचे. "जन्म कुरुंदवाडचा, कॉलेज पुण्याचं, जॉब इथला, टक्कलही इथलंच. आता सांगा, कोणता भाग मुख्य धरू?" विचारणारा तोवर बटाटेवड्यांच्या दिशेने सरकलेला असायचा.

यात त्यांचा तरी काय दोष? पोटाचा धंदाच तसा होता. आमच्या ईडन प्रेरी गावातल्या त्यांच्या कंपनीत कॅनडातून स्नोब्लोअर, म्हणजे दारातला बर्फ उडवायची यंत्रं येत. इंजिन जपानचं, पाती तैवानची, जोडणी कॅनडातली. मग हे यंत्र कोणत्या देशाचं ते ठरवून त्यावर जकात किती हे सांगायचं काम काकांचं. जुना नियम असा होता, की जिथे वस्तूचं नाव, रूप आणि उपयोग पालटला तो तिचा देश. आता रूप पालटलं की नाही यावर दोन शहाणी माणसं आयुष्यभर भांडू शकतात, आणि काका तर एकटेही भांडू शकत. घरातही हाच नियम चाले. एका होळीला हरभऱ्याची डाळ मिळाली नाही म्हणून काकूंनी पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं पुरण घातलं. पाहुणे तुपाची वाटी धरून ताटकळत होते आणि काका पोळी उजेडात धरून म्हणत होते, "डाळ नॉर्थ डकोटाची, गूळ कोल्हापूरचा, पण नुसत्या लाटण्याने रूप पालटलं असं म्हणता येईल का?" काकू वैतागून म्हणाल्या, "नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात." "नदी आणि ऋषी सोडले की मी," काका म्हणाले, "त्यात पोळीचं नाव कुठे आहे?" पोळ्या मात्र त्या दिवशी सगळ्यांत जास्त त्यांनीच खाल्ल्या.

ऐंशीचं दशक सरता सरता अमेरिकेने कॅनडाशी खुल्या व्यापाराचा करार केला आणि नियमच बदलला. जकातीच्या पुस्तकात प्रत्येक वस्तूला एक क्रमांक असतो. बाहेरून भाग आणून वस्तू बनवली आणि बनताना तो क्रमांक बदलला, की बहुतेक मालाचा प्रश्न तिथेच मिटला. वस्तू ह्या दोन देशांतली, सरहद्दीवर जकात माफ होत जाणार, आणि भाग कुठून आले होते ते कोणी उकरत बसायचं नाही. सगळ्या ऑफिसला हायसं वाटलं, काकांनी मात्र सुतक पाळलं. "वाद घालायला जागाच ठेवली नाही हो," दारातला बर्फ फावड्याने उपसत ते मला म्हणाले. घरात स्नोब्लोअर होता, पण त्याचा देश अजून ठरायचा होता, म्हणून तो गॅरेजमध्येच असे.

त्याच हिवाळ्यात त्यांच्या एकुलत्या एका मुलीने, मिनीने, कॅनडातल्या विनिपेगच्या एका मुलाशी लग्न करायचं म्हणून सांगितलं. मुलाचे वडील सांगलीचे, आई तिथल्याच एका युक्रेनियन घरातली, आणि मुलाचं मराठी ‘बस’ आणि ‘पुरे’ या दोन शब्दांत आटोपलेलं. काकूंची आयुष्यभर एकच अट होती, जावई मराठी हवा. "तुम्ही जन्मभर हेच करत आलात ना?" त्या काकांना म्हणाल्या. "मग ठरवा, हा मुलगा मराठी की नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी काही त्या मांडवात पाय ठेवणार नाही." मिनीचे डोळे भरून आले. "बाबा, ही इज नॉट अ स्नोब्लोअर," ती म्हणाली. "प्लीज, जस्ट मीट हिम." काका घाबरलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. आजवर त्यांच्या निकालावाचून फार तर एखादं यंत्र अडलं होतं.

काका गाडी चालवताना दोन्ही हात सोडून मुद्दे मांडत, म्हणून विनिपेगला मुलाच्या घरी जाताना काकूंनी ड्राइव्ह करायला मला घेतलं. सरहद्दीवर कॅनडाच्या अधिकाऱ्याने काकांच्या मांडीवरच्या डब्याकडे बोट दाखवून यात काय आहे म्हणून विचारलं. डब्यात चिवडा होता. काका इंग्रजीत सांगू लागले की पोहे भारतातले, दाणे जॉर्जियाचे, फोडणी ईडन प्रेरीची, आणि जुन्या नियमाने फोडणीमुळे रूप पालटतं की नाही याला दोन बाजू आहेत. मागे ट्रकची रांग लागली. अधिकाऱ्याने टोपी काढून डोकं खाजवलं, गाडी बाजूला घ्यायला लावली आणि आपल्या साहेबाला बोलावलं. काकांनी साहेबाला सगळं पहिल्यापासून, अधिकच उत्साहाने सांगितलं. शेवटी काकूंनी मागच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "स्नॅक्स," त्या म्हणाल्या, आणि फाटक उघडलं.

मुलगा भला होता. त्याने काकांचा कोट घेतला, चिवडा दोनदा घेतला, ‘पुरे’ही बरोबर जागी म्हणाला. काका मात्र माल तपासावा तसे त्याच्याकडे बघत होते, आणि आमच्या आधीच येऊन पोचलेली मिनी हातातल्या रुमालाची घडी घालत होती आणि मोडत होती. तेवढ्यात मुलाची आई पिठाचे हात पुसत काकांच्या समोर येऊन बसली. नवऱ्याकडून घोकून घेतलेलं एकुलतं एक मराठी वाक्य तिने जपून उच्चारलं, "तुम्ही मूळचे कुठले?" काकूंनी डोळे मिटले. मी चहा निवायच्या आत पिऊन टाकला.

"कुरुंदवाडचा," काका म्हणाले.

एवढंच म्हणाले. मग जरा वेळाने त्यांनी तिला तिथला घाट सांगितला, जवळचा संगम सांगितला, पावसाळ्यात देवळापर्यंत चढणारं पाणी सांगितलं, नदीकाठच्या वांग्यांची चव सांगितली. सगळं मराठीत. त्या माउलीला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण ती मान हलवत, मधूनच त्यांच्या बशीत काहीतरी वाढत, शेवटपर्यंत ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी परतताना काकूंनी विषय काढला. "मग? मुलगा मराठी की नाही?"

"मुलगा विनिपेगचा," काका म्हणाले. "आणि आपली मिनी मिनेसोटाची. दोघंही करारातला माल. मध्ये जकात लावणारे आपण कोण?"

काकूंनी पर्समधून छोटी डायरी काढली. "हॉल लवकर बुक करायला हवा," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आणि आपण कोण?"

"आपण कच्चा माल. वस्तू तयार झाली की त्याचं मूळ कोणी विचारत नाही."

"मुलाच्या आईने विचारलं ना," काकू म्हणाल्या.

काकांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मला त्या माणसाची फार माया आली. वाटेतलं फार्गो शहर येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत, आणि इतक्या वर्षांच्या शेजारात पहिल्यांदाच, त्यांनी काहीतरी बोलावं असं मला वाटत राहिलं.