कुलपासमोर मांडलेली चूल

शाळा सुटल्यावर घरी आले, तर आमच्या खोलीला दुसरंच कुलूप. भांडी, वळकट्या, माझी पुस्तकांची पेटी, सगळं गल्लीत काढून ठेवलेलं. बुद्धाची तसबीर तेवढी आईनं मांडीवर घेतली होती. ती बंद दाराला पाठ लावून बसली होती.

"किल्ली कुठंय?" मी विचारलं.

"मालकाच्या करगोट्याला," आई म्हणाली. "म्या टँकरला पाणी आणाया गेले अन् त्यानं डाव साधला."

दुष्काळाचा तो दुसरा उन्हाळा. मी तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. येरमाळ्याकडचं आमचं दीड एकर करपून गेलं, तेव्हा आईला मी इकडं आणलं. घरात आम्ही दोघीच. मालक मोठा बागायतदार, सोसायटीचा चेअरमन अन् नगरपालिकेचा मेंबर. एका ओळीत त्याच्या पाच खोल्या होत्या. आमच्या खोलीत त्याला सोसायटीच्या खताचं गोदाम करायचं होतं. दोन महिन्यांपासून तो "खोली रिकामी करा" म्हणत होता.

मी दुसरी खोली शोधलीही. पण जिथं जाई तिथं आधी आडनाव विचारत. आडनाव कळलं की खोली कालच कुणाला तरी दिलेली असे. मग मी शोधणंच सोडलं. भाडं वेळेवर देत होते, कुणाला त्रास नव्हता. मी का जाऊ?

शेजारचा शिंपी म्हणाला, "मावशी, आजच्या दिवस आमच्याकडं राहा."

"तुमच्याकडं आलो की ह्ये कुलूप कायमचं झालं," आई म्हणाली. तिनं तीन दगड मांडले, दारासमोरच चूल पेटवली अन् पीठ मळायला घेतलं. येणारे-जाणारे थबकू लागले. मला आधी लाज वाटली. मग वाटलं, लाज आपल्याला कशाची? मी तिच्याशेजारी बसून भाकरी थापू लागले.

थोड्या वेळानं मालक आला. "बाई, तुम्ही शिकलेल्या. रस्त्यावर भाकरी थापताव, शोभतं का हे?"

"तुम्हाला शोभतंय का बगा, मालक," तव्यावरची भाकरी उलटत आई म्हणाली. "खोली तुमची असंल. रस्ता न्हाय तुमचा."

तो गेल्यावर शिंप्यानं मला समेटाच्या टेबलाची गोष्ट सांगितली. दुष्काळात खेड्यांतनं माणसं गावात आली, खोल्यांवरनं तंटे वाढले. म्हणून नगरपालिकेनं आपल्या बजेटातनं थोडी रक्कम बाजूला काढून हे टेबल सुरू केलं होतं. वाचनालयाच्या खोलीत आठवड्यातनं दोनदा कोर्टातले एक निवृत्त कारकून बसत. मालक अन् भाडेकरू दोघांना बोलावून घेत, ऐकून घेत, मार्ग काढत. त्यांचं मानधन अन् चिठ्ठ्या पोचवणाऱ्या शिपायाचा पगार पालिका देई. हा ठराव झाला तेव्हा हात वर करणाऱ्यांत आमचा मालकही होता.

दुसऱ्या दिवशी टेबल होतं. शिपाई चिठ्ठी घेऊन गेला. मेंबर असल्यामुळं मालकाला येणं भागच पडलं.

"भाडेकरूला काढायचं तर कायद्यानं कोर्टात अर्ज करावा लागतो," कारकून म्हणाले. "केलाव का?"

"माझी खोली, माझं कुलूप. अर्ज कशाला?"

"खोली तुमची. संसार त्यांचा. तो तुम्ही गल्लीत फेकलाव."

मालक मग जरा खाली येऊन म्हणाला, "पावसाच्या आत खत आत ठेवलं पाहिजे. भिजल्यावर शेतकरी मलाच धरतील."

ते खरंच होतं. मी म्हटलं, "खोल्यांच्या मागचा गोठा रिकामा आहे. तुमची जनावरं छावणीत आहेत. त्याला दार अन् पत्रे बसवा." कारकुनांनी मान हलवली. मालकानं बराच वेळ टोपी काढघाल केली, अन् शेवटी कबूल झाला.

कागद झाला. मी सही केली. आईनं मात्र अंगठा लावला नाही. "कुलूप ह्यांनी सोत्ता काढायचं. गल्लीतल्या समद्यांसमोर. तसं लिवा."

"लोकांसमोर कशाला?" मालक चिडला.

"संसार बाहेर काढला तवा लोक न्हवते व्हय?"

कारकुनांनी तसं लिहिलं. त्या संध्याकाळी मालकानं कुलूप काढलं. गल्ली उभी होती.

पुढच्या वर्षी बजेटाची सभा आली, तसं त्यानं उट्टं काढायला घेतलं. समेटाच्या टेबलाची रक्कम रद्द करा, असा प्रस्ताव त्यानं मांडायचं ठरवल्याचं शिंप्याच्या कानावर आलं. हेडमास्तर मला म्हणाले, "बाई, सरकारी नोकरी आहे तुमची. सांभाळा." मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली अन् गेले. त्या टेबलामुळं डोक्यावरचं छप्पर टिकलेल्या बाया बरोबर होत्या. आई पुढं होती.

"बाहेरच्यांना सभेत बोलता येत नाही," दारावर अडवणारा म्हणाला.

"बोलत न्हाय. बसताव," म्हणत आई दारातच बसली. तिच्यामागं सगळ्या बसल्या. आत जाणाऱ्या प्रत्येक मेंबराला आम्हाला ओलांडूनच जावं लागलं. शेवटी अध्यक्षांनी एकीला बोलायची परवानगी दिली. मी उभी राहिले.

"पालिका रस्त्यावर दिवा लावते, तो रस्त्यानं चालणाऱ्यांसाठी. आम्हाला रस्त्यावर राहायचं नाही. म्हणून हे टेबल पाहिजे. आम्ही भीक मागायला आलो नाही. घरपट्टी मालक भरतात, ती आमच्या भाड्यातनं."

मतं घेतली. रक्कम रद्द झाली नाही, पण निम्मी झाली. टेबल आठवड्यातनं एकच दिवस बसणार होतं. मेंबर उठू लागले, तशी आई मोठ्यानं म्हणाली, "निम्मं घेतलं. राहिलेलं मागाया पुढल्या साली येताव."

अन् आम्ही गेलो. त्या साली मिळालं नाही. त्याच्या पुढल्या साली पुन्हा गेलो, तेव्हा मिळालं.